ठोकळा वाढला

ठोकळेबाईंनी आम्हा पोरांना एकदाही मोजलं नाही. बालवाडीची बाई म्हटली की सकाळी आल्याआल्या आमच्या डोक्यांवरून बोट फिरवत एक, दोन, तीन करणार, असंच कुणालाही वाटेल. पण तसं कुणी करू लागलं की ठोकळेबाई त्याचं बोट धरत. "जित्या जिवाला बोट लावून मोजायचं न्हाय. मोजलं की कमी होतं," असं त्यांचं म्हणणं. त्याऐवजी दारात ॲल्युमिनियमची एक परात ठेवलेली असे. आत येणाऱ्यानं पेटीतला एक लहान ठोकळा परातीत टाकायचा, घरी जाताना परातीतला एक उचलून पेटीत परत टाकायचा. परात रिकामी झाली म्हणजे सगळे बाहेर. पहिला ठोकळा बाई स्वतःचा टाकत आणि शेवटचा स्वतःचा उचलत. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "बाई, मुलं किती?" बाईंनी परात पुढे केली आणि म्हणाल्या, "एवढी." साहेबांनी गुपचूप ठोकळे मोजून घेतले. ठोकळे मोजायला बाईंची हरकत नव्हती.

मोठा दुष्काळ नुकताच सरला होता, तेव्हाची ही गोष्ट. सोलापुरात पूर्वेच्या अंगाला, मागांच्या खडखडाटात आमची गल्ली. आमचं घर मराठी, शेजार बहुतेक तेलुगू बोलणारा, कोपऱ्यावरची काही घरं दखनी उर्दू बोलणारी. पोरं तिन्ही भाषांत भांडत. बाईंना तेलुगू येत नव्हतं आणि त्याचं त्यांना काही वाटतही नसे. लच्ची नावाची माझी मैत्रीण ओकटी, रेंडू, मूडू म्हणत ठोकळ्यावर ठोकळा चढवायची, मी एक, दोन, तीन म्हणत चढवायची, आणि दोघींचे मनोरे सारखेच उंच व्हायचे. याचं आम्हाला इतकं नवल वाटे की दिवसभर आम्ही तेच करत असू. बाई शेजारी बसून बघत. "बोला कसंबी. लाकूड खोटं बोलत न्हाय," एवढंच म्हणत.

बाई सांगोल्याकडच्या, मेंढपाळाच्या घरातल्या. सातवी होऊन बालवाडीचं शिक्षण घेतलेल्या, उंच, हाडकुळ्या, कपाळावर मोठं गोंदण. त्यांचं पुढचं-मागचं गल्लीत कुणाला फारसं माहीत नव्हतं, पण त्यांचे वडील मात्र आम्हा पोरांच्या ओळखीचे झाले होते, इतके ते बाईंच्या बोलण्यात येत. सकाळी मेंढरं जाळीच्या कुंपणातून बाहेर पडताना त्यांचा बा एकेका मेंढरामागे एकेक खडा डबीत टाकायचा, आणि संध्याकाळी एकेक आत आलं की एकेक काढायचा. "माझ्या बाला इसाच्या पुढं मोजाया येत नव्हतं. पर खडा उरला की भाकरी खाली ठेवायचा आन् उठायचा. तोंडात घास असंल तर त्योबी थुकायचा." एकदा असाच खडा उरला. बा गेला तो दुसऱ्या दिवशी दुपारी आला, हातात नुसती मेंढराच्या गळ्यातली घंटा घेऊन. आम्ही डोळे मोठे करून विचारलं, "मेंढरू कुठं गेलं?" बाई म्हणाल्या, "लांडग्याकडं." कुणीतरी रडायला लागलं. बाईंनी त्याला जवळ ओढलं, पण गोष्ट बदलली नाही. पोरांसाठी गोड शेवट करायचा ही कला त्यांच्याजवळ नव्हती.

ठोकळे माझ्या अण्णांनी केलेले. अण्णा, म्हणजे माझे वडील, जॉबर होते. माग बिघडला की तो नीट करणारा माणूस तो जॉबर. मोडीत निघालेल्या मागांचं मुरलेलं लाकूड त्यांच्याकडे पडलेलं असे. त्याचे त्यांनी बाईंना ठोकळे कापून दिले, कडा घासून गुळगुळीत करून. सगळ्यांत लहान ते पिटुकले. सगळ्यांत लांब एकच होता, त्याचं नाव आम्ही लांबूराव ठेवलं होतं. लांबूरावाला आडवा निजवायचा आणि त्याच्या कडेला पिटुकले ओळीनं लावायचे. बरोब्बर दहा बसत. नऊ लावले तर लांबूरावाचं डोकं बाहेर, अकरा लावले तर पिटुकला बाहेर. दहा म्हणजे काय, हे बाईंनी आम्हाला कधी सांगितलं नाही. ते आम्ही लांबूरावाच्या कुशीत शिकलो. आजही कुणी दहा म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे आकडा येत नाही, ते तेलकट काळसर लाकूड येतं.

दुपारी बालवाडी सुटताना शेवटचं काम असायचं लांबूरावाला झोपायला पाठवण्याचं. झोपायला म्हणजे भिंतीतल्या कोनाड्यात उभं करायचं. कोनाडा तुळईच्या टोकाखाली होता, वर फळी. अण्णांनी लांबूराव त्या कोनाड्याच्याच मापानं कापला होता. तो आत उभा राहिला की त्याच्या डोक्यावर माझं बोट जाईल एवढी फट राही. रोज एका पोराची पाळी. पाळी आलेलं पोर आधी लांबूराव आत ठेवायचं, मग फटीतून बोट फिरवायचं आणि म्हणायचं, "झोपला!"

बाईंवर आमचा जीव होता, पण गल्लीतल्या बायका त्यांना जरा टरकून असत. त्याला कारण बाईंची फळी. एका ठोकळ्यावर मधोमध फळी टेकवून त्या दोन पोरांना दोन टोकांना बसवत, जड कोण, हलकं कोण बघायला. एके दिवशी त्या एका पोराच्या आईला म्हणाल्या, "तुजं पोर गेल्या म्हैन्यात सादिकच्या बरोबरीचं व्हतं. आता वर जातंय. हलकं झालंय गं, बघ त्याच्याकडं." ती बाई फणकारून गेली. पंधरवडाभरात ते पोर तापानं अंथरुणाला खिळलं. वाचलं ते, पण तेव्हापासून गल्लीत कुजबुज सुरू झाली की ठोकळेबाईची जीभ काळी आहे. ती बोलते ते होतं. माझी आई तर मी बालवाडीतून आले की मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकायची. मोहऱ्या तडतडल्या की "बघ, किती लागली व्हती!" म्हणायची. चुलीत मोहऱ्या तडतडणारच, हे तिला कोण सांगणार?

बालवाडीची खोली मालकांनी दिलेली. अण्णा ज्यांच्या मागांवर होते तेच हे मालक, तेलुगू घरातले, चार माणसांत वजन असलेले. त्यांचं जुनं दगडमातीचं घर होतं. खाली एका बाजूला माग, दुसऱ्या बाजूला ही लांबट खोली, वर माडी रिकामी. त्यांची आई वारली तेव्हा तिच्या नावानं त्यांनी ही खोली पोरांना दिली होती. पुढे धंदा वाढला, आणखी माग आले आणि जागा पुरेना. दुसरा कुणी असता तर बालवाडीला सरळ बाहेर काढता. मालकांनी तसं केलं नाही. आईच्या नावानं दिलेलं परत घ्यायचं नाही, म्हणून त्यांनी नवे माग वर माडीवर चढवले, आमच्या डोक्यावर. सगळ्या गल्लीनं त्यांचं कौतुक केलं. त्यांच्या चांगुलपणाबद्दल मला आजही शंका नाही, आणि म्हणूनच या गोष्टीचा विचार आला की अंगावर काटा येतो.

वर माग सुरू झाले की खाली आमचे मनोरे पडत. आधी आधी आम्हाला मजाच वाटे. उंच मनोरा रचायचा आणि तोंडावर हात धरून वाट बघायची. मग सवय झाली. माग थांबले की भराभर उंच बांधायचं, चालू झाले की बुटकं, रुंद बांधायचं, हे आम्ही आपोआप शिकलो. बुड रुंद असलं की पडत नाही, हे कुणी सांगावं लागलं नाही. वरून माती मात्र गळायची. लच्चीच्या वेणीत रोज थोडी थोडी माती सापडे. बाई ती झटकत आणि वर तुळईकडे बघत राहत. त्या बघू लागल्या की आम्हीही बघायचो. तिथे काहीच दिसायचं नाही.

पावसाळ्यात एके दिवशी लांबूराव कोनाड्यात जाईना. ज्याची पाळी होती त्या पोरानं ढकलला, मारला, शेवटी रडायला लागलं. बाईंनी अण्णांना बोलावलं. अण्णांनी एका नजरेत निदान केलं. "लाकूड फुगलंय. पावसाळा हाय की." त्यांनी कानस आणली आणि लांबूरावाचं डोकं थोडं घासून काढलं. लांबूराव कोनाड्यात गेला. कारागीर माणूस, लाकूड पावसात फुगतं हे त्याला पुस्तकातून शिकावं लागत नाही, आणि म्हणूनच त्याच्या मनात दुसरं काही आलं नाही. दुसऱ्या दिवशी दहावा पिटुकला लांबूरावाच्या कडेला जरासा बाहेर राहिला. "लांबूराव आजारी हाय," असं आम्ही ठरवलं आणि त्याला मातीचं औषध पाजलं. बाई त्या दिवशी आमच्या खेळात हसल्या नाहीत.

होळी झाली. सोलापूरचं ऊन म्हणजे काय ते सोलापूरकरालाच ठाऊक. दारं वाळून सैल होतात, पाटाच्या फटी मोठ्या होतात, घागरीची लाकडी झाकणंसुद्धा चिरतात. अशा उन्हात लच्चीची पाळी आली. तिनं लांबूराव उचलला, कोनाड्यात घालायला गेली, आणि वळून मोठ्या आनंदानं ओरडली, "बाई, ठोकळा वाढला!"

आम्ही टाळ्या पिटल्या. आमच्यातलं कुणीतरी मोठं झालं होतं. लांबूरावाचं आजारपण संपलं होतं. बाई सुपात काहीतरी निवडत होत्या, त्या तशाच उठल्या. लांबूराव लच्चीच्या हातून घेतला, जमिनीवर निजवला आणि म्हणाल्या, "लावा बघू पिटुकले." आम्ही लावले. दहावा मागच्याइतकाच जरासा बाहेर आला. बाई म्हणाल्या, "वाढला असता तर?" लच्ची विचार करून म्हणाली, "मग पिटुकला बाहेर आला नसता." बाईंनी मान हलवली. मग त्यांनी ते पिटुकले कोनाड्यात एकावर एक रचायला लावले. नऊ बसले. दहावा हातात धरून लच्ची उभी राहिली, त्याला जागाच नव्हती. पावसाळ्याआधी दहा पिटुकले रचून वर बोट फिरत होतं.

"ठोकळा वाढला न्हाय," बाई म्हणाल्या. "मग काय झालं?"

वर माग चालले होते. लच्चीनंच हळूच सांगितलं, "कोनाडा बारीक झाला."

बाईंनी एवढं बरोबर उत्तर आलं असताना तिला शाबासकी दिली नाही. त्यांनी परात उचलली, पेटी उचलली आणि म्हणाल्या, "चला. सगळी भाईर चला. पळायचं न्हाय. एकामागं एक." रस्त्यापलीकडच्या पटांगणात एक लिंब होता. त्याच्याखाली आम्हाला बसवलं. एकेकानं परातीतला ठोकळा उचलून पेटीत टाकला. परात रिकामी झाली तेव्हा कुठे बाई खाली बसल्या. मोठे ठोकळे, लांबूराव, सगळं आतच राहिलं होतं. आम्ही मागितलं तर म्हणाल्या, "लाकूड हाय त्ये. ऱ्हाऊ दे तितंच."

त्या दिवसापासून बालवाडी लिंबाखाली भरू लागली, आणि खोलीत पाऊल टाकायला सगळ्यांना बंदी झाली. बाई मालकांकडे गेल्या, अण्णांना सोबत घेऊन. मी अण्णांचं बोट धरून होते. बाईंनी आडपडदा ठेवला नाही. "मालक, तुळई बसायलीय. खोली परत घ्या, माग खाली आणा. पोरं लिंबाखाली शिकतील."

मालकांचा चेहरा उतरला. ते रागावले नाहीत, दुखावले. "बाई, माझ्या आईच्या नावाची खोली हाय ती. दिलेलं परत घेऊ व्हय मी? मातीचं घर हाय, जरा बसतंयच. वडलांच्या काळापासून उभं हाय. तुमी पोरास्नी शिकवा की. चांगल्या घराबद्दल असं वंगाळ तोंडातून काढू नका."

"मी न्हाय काढलं तोंडातून," बाई म्हणाल्या. "ठोकळ्यानं सांगितलं."

आता लाकडाच्या ठोकळ्यानं सांगितलं म्हटल्यावर कोण काय बोलणार? मालकांच्या घरातल्या बायकांनी देवापुढे दिवा लावला आणि बाईंना दारातूनच निरोप दिला. दोन दिवसांत गल्लीभर झालं, ठोकळेबाईनं घर पडणार म्हणून सांगितलंय. कुणी तुळई बघायला गेलं नाही. सगळे बाईंच्या जिभेकडे बघत होते. काही पोरांचं येणं बंद झालं. आईनं मलाही घरी ठेवलं असतं, पण अण्णांनी ठेवू दिलं नाही.

अण्णांना सगळं कळलं होतं. आपण कानशीनं काय घासून टाकलं हेही कळलं होतं. त्यांनी खोलीत जाऊन तुळईखाली एक टेकू ठोकला. पण वरचे माग बंद करणं त्यांच्या हातात नव्हतं आणि वर जाणं सोडलं तर घरात चूल पेटणार नव्हती. बाईंना ते म्हणाले, "मी हाय की वर. माझं मी बघतो."

"वरच्यांची परात कुणाजवळ हाय?" बाईंनी विचारलं.

अण्णा हसले. पण दुसऱ्या दिवसापासून माडीवर चढण्याआधी ते लिंबाखाली येत, पेटीतला एक पिटुकला घेऊन परातीत टाकत आणि खाली उतरले की उचलत. वरचे विणकर थट्टा करत, जॉबर बालवाडीत जायलाय म्हणून. अण्णाही हसत. मला मात्र त्या दिवसांत परात बघितल्याशिवाय खेळता येत नसे. अण्णांचा ठोकळा इतरांसारखाच, त्यावर काही खूण नाही, तरी तो कुठला हे मला कळतं असं मला वाटे. वर माग चालले की लिंबाखालचे आमचे मनोरे आता पडत नव्हते. तेही बरं वाटत नव्हतं.

पाडवा होऊन गेला होता. लिंबाचा मोहोर परातीत गळत होता. मधल्या वेळेला लाइट गेली आणि सगळ्या गल्लीतले माग एकदम थांबले. इतकी शांतता आम्हाला सवयीची नव्हती, कानात दडे बसल्यासारखं झालं. माडीवरची माणसं खाली उतरून कोपऱ्यावर चहाला गेली. लाइट गेली की मागाची बटणं बंद करायची आणि मगच जिना उतरायचा, हे अण्णांचं रोजचं पालुपद. त्या दिवशी ते सगळ्यांच्या आधी उतरले. लिंबाखाली आले, परातीतून ठोकळा उचलला, पेटीत टाकला. ते मी पाहिलं आणि निश्चिंत होऊन खेळायला लागले.

लच्ची कुरकुरत होती. तिला दहा पिटुकले लावायचे होते आणि लांबूराव नव्हता. "मला लांबूराव पाहिजे," असा तिचा रोजचाच सूर. बाई एका लहानग्याचं नाक पुसत होत्या. अण्णा लच्चीजवळ उकिडवे बसले, तिच्या डोक्यावर हात ठेवला. एवढं मला आठवतं. मग मी पाठ फिरवली.

लाइट आली. माडीवर माणूस नव्हतं आणि सगळे माग एकदम सुरू झाले. बटणं चालूच राहिली होती. एरवी माग एकामागून एक सुरू होत. त्या दिवशी सगळ्यांनी एकाच वेळी धक्का दिला. माणसांशिवाय चालणाऱ्या त्या मागांचा आवाज मी कधी विसरणार नाही. तो फार वेळ चाललाही नाही. आधी काहीतरी कडाडलं, मग घराची पुढची भिंत खाली बसली, माडी तिच्यावर, आणि मग धुळीशिवाय काही दिसेना.

बाई ओरडल्या नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या, "परात." आणि आम्ही रडत, खोकत, एकमेकांना धरून परातीजवळ गेलो आणि एकेकानं आपला ठोकळा उचलला. हातांना सवय होती. तोवर चहाला गेलेली माणसं धावत आली. मालक आले. कुणीतरी सगळ्यांची नावं पुकारली, खालच्या मागांवरचे मागच्या दारानं निघाले होते, वरचे चहाला होते. पोरं लिंबाखाली. "जॉबर?" "त्यो तर लिंबाखाली व्हता की." मालक मटकन खाली बसले आणि त्यांनी हात जोडले. "आईनं वाचवलं. सगळी भाईर हायत. कुणालाबी लागलं न्हाय." बायका रडत हसत होत्या. कुणीतरी मालकांच्या हातात चहा दिला.

बाई परातीकडे बघत होत्या. त्यांनी त्यांचा स्वतःचा ठोकळा अजून उचलला नव्हता, आणि परातीत दोन होते.

"चहा खाली ठेवा," त्या म्हणाल्या.

मी म्हणाले, "बाई, अण्णांनी उचलला. मी बघितलं." खरंच बघितलं होतं मी. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, लच्चीकडे पाहिलं. लच्ची म्हणाली, "जॉबरमामा लांबूराव आणायला गेले."

नेमाचा माणूस. आत जाताना पेटीतला ठोकळा घेऊन पुन्हा परातीत टाकून गेला होता.

"खडा उरलाय!" बाई किंचाळल्या आणि सरळ त्या ढिगाकडे धावल्या. त्यांनी हातांनीच दगड काढायला सुरुवात केली. लोक म्हणत होते, बाई, मागं व्हा, अजून पडंल. त्या ऐकत नव्हत्या. मग वरचे विणकर आले, गल्ली आली, दखनी घरांतली माणसं आली, मालकांनी धोतर खोचलं. कोनाड्याची भिंत कुठे होती ते बाई सांगत होत्या. तुळई एका टोकानं खाली आली होती आणि अण्णांच्या टेकूवर, त्या भिंतीला तिरकी अडकली होती. तिच्या आडोशाला अण्णा सापडले. श्वास चालू होता. उजवा हात मनगटाच्या वरपासून चिरडला होता. तो पुढे काढावा लागला. बाकी माणूस आम्हाला परत मिळाला.

यानंतर गल्लीनं बाईंची पालखी काढायला हवी होती, असं तुम्हाला वाटेल. तसं झालं नाही. दुसऱ्या दिवशी लिंबाखाली मी आणि लच्ची, दोघीच. बोलली आणि झालं, असं जो तो म्हणत होता. पोर आजारी पडलं तिच्या जिभेनं, घर पडलं तिच्या जिभेनं, जॉबरचा हातही तिच्याच जिभेनं गेला. तुळई, माग, बटणं ही सगळी जीभ नसलेली, त्यांना कोण बोल लावणार? मालक काही बोलले नाहीत, पण बालवाडीला दुसरी जागाही कुणी देईना. लोकांनी बाईंना शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. लोक त्यांना भ्यायले. रस्त्यानं त्या येताना दिसल्या की आया पोरांना पदराखाली घेत. मला या गोष्टीचा इतका राग आहे की तो माझ्याबरोबरच जाईल.

अण्णा दवाखान्यातून आले आणि त्याच सुमारास बाई निघाल्या. सोडायला एसटी स्टँडवर आम्ही तिघं गेलो. हो, आईसुद्धा आली. बाईंनी ठोकळ्यांची पेटी माझ्यासाठी आणली होती आणि परात कापडात बांधून. गाडी लागल्यावर त्यांनी कापड सोडलं. परातीत तसेच दोन ठोकळे होते.

"जॉबर," बाई म्हणाल्या, "तुमचा ठोकळा उचलायचा ऱ्हायलाय. भाईर आलाव न्हवं?"

अण्णांनी डाव्या हातानं ठोकळा उचलला आणि पेटीत टाकला. मी अण्णांना रडताना पहिल्यांदा पाहिलं, स्टँडवर, सगळ्यांसमोर. मग मी विचारलं, "बाई, तुमचा?"

बाईंनी परातीकडे पाहिलं. "माजा ऱ्हाऊ दे. परत येईन तवा उचलीन," म्हणाल्या आणि गाडीत चढल्या. खिडकीतून त्यांनी हात केला नाही, कारण त्या डोळे पुसत होत्या.

त्या परत आल्या नाहीत. अण्णांनी एका हातानं शिकवून दोन जॉबर तयार केले आणि त्यावर आमचं घर चाललं. मोठी झाल्यावर मी नोकरीतून रजा काढून सांगोल्याकडच्या तीनचार गावांत विचारून आले. गोंदणवाली, उंच, ठोकळेबाई. एका म्हातारीनं सांगितलं, तसली एक होती, मेंढरांबरोबर गेली पाण्याच्या मागं, कुठं ते ठाऊक नाही.

परात आमच्या स्वयंपाकघरात फळीवर आहे, त्या एका ठोकळ्यासकट. तिच्यात आईनं कधी पीठ मळलं नाही, कुणाला मळू दिलं नाही. मोहऱ्या ओवाळणारी माझी आई! माझ्या धाकट्या भावाच्या बायकोनं एकदा परात घासायला घेतली आणि ठोकळा बाजूला काढला, तर आईनं तिच्या हातातून हिसकावला. "ठेव तितं. बाईचा हाय तो. अजून आली न्हाय ती."

अण्णा असेपर्यंत रोज जेवायला बसले की पहिला तुकडा मोडायच्या आधी भाकरी ताटात खाली ठेवत, फळीकडे एकदा बघत, आणि मग डाव्या हातानं जेवायला लागत. अण्णा गेले. आता आई तसं करते.